सीमाभागातील शाळा, दवाखाने आणि ८६५ गावांची आरोग्य योजना : पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, तेव्हा महसुलाबरोबर शाळा आणि सरकारी दवाखानेही नव्या राज्याच्या खात्यांकडे गेले. मराठी शाळा त्याआधी मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शिक्षण व्यवस्थेचा भाग होत्या. त्या काळाची आरोग्याच्या बाजूची सहज दिसणारी खूण म्हणजे बेळगाव शहराच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सीन डेपो’ हे नाव. तेथे देवीची लस तयार होत असे. अवघड दुखणे झाले की अथणी, रायबाग, चिकोडीकडचा रोगी मिरजेला आणि निपाणीकडचा कोल्हापूरला न्यायचा, ही वहिवाट राज्याची हद्द बदलली तरी मोडली नाही. बेळगाव शहरात १९६३ मध्ये खासगी आणि २००६ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतरही ती पुष्कळ अंशी टिकून आहे.

पुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांना दिलेली हमी दोन प्रकारची होती. शिक्षणासाठी घटनेत ३५० अ हे कलम आले आणि वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असल्यास मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, हा १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतील निकष मान्य झाला. कारभारासाठी पंधरा टक्क्यांचा निकष ठरला. एखाद्या क्षेत्रात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण तेवढे असेल, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे अपेक्षित होते. पहिली हमी कशीबशी पाळली गेली. दुसरीचा आग्रह मराठी संघटना सात-बाराचे उतारे आणि पाट्या यांसाठी धरत आल्या, पण रुग्णालयातील संमतिपत्र किंवा औषधाच्या सूचना मराठीत असाव्यात, ही मागणी त्या मानाने फारच क्षीण राहिली. आंदोलनाचे लक्ष शाळेवर जितके होते, तितके दवाखान्यावर कधीच नव्हते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

शिक्षणाची लढाई मुख्यतः न्यायालयात झाली. कन्नडच्या अग्रस्थानासाठी झालेल्या १९८२ च्या गोकाक आंदोलनानंतर माध्यमिक शाळेत कन्नडला प्रथम भाषेचे एकमेव स्थान देण्याचा प्रयत्न झाला, तो उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अमान्य केला. पुढे १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे, असे ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने माध्यमाची निवड पालकांकडे सोपवली, आणि त्यानंतर २०१५ च्या कायद्याने पहिली ते दहावी कन्नड हा प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून सक्तीचा विषय झाला. सीमाभागातील मराठी माणसाच्या वाट्याला यात एक विचित्र परिणाम आला. १९९४ चा आदेश इंग्रजी शाळांना अडवणारा असल्यामुळे मराठी शाळेलाही त्याचा आडोसा होता. तो गेल्यावर मराठी शाळांतील पट इंग्रजी माध्यमाकडे अधिकच वेगाने सरकू लागला, आणि त्याचा दोष केवळ सरकारवर टाकता येत नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळत असल्याने बेळगावच्या विद्यार्थ्याला त्यासाठी हद्द ओलांडावी लागते. महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना पात्र मानणारा वेगळा प्रवर्ग ठेवला आहे. पुढे आरोग्य योजनेत जो प्रश्न उभा राहिला, तो लाभासाठी भाषा हा निकष असावा का, हा होता, आणि त्याचे मूळ या प्रवर्गात आधीपासूनच होते.

आरोग्यात सरकारी विम्याचे युग सुरू झाल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी, २०१० मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी आणि २०१८ मध्ये केंद्राच्या योजनेत मिसळलेली व्यापक योजना आली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव मिळाले. सीमाभागातील कुटुंब रेशनकार्डामुळे पहिल्या राज्याच्या योजनांत बसत होते, पण रोगी नेण्याची त्याची वाट अनेकदा दुसऱ्या राज्यात जात होती.

डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी सीमाप्रश्नावर परस्परविरोधी ठराव केले. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २०२३ मध्ये, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयातील आपल्या २००४ च्या दाव्यात हक्क सांगितलेल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद पुढे आणली. जूनमध्ये योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवताना लगतच्या जिल्ह्यांतील १४० रुग्णालये यादीत घेण्याचा निर्णयही झाला. कर्नाटक सरकारने याला हस्तक्षेप म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये बेळगावातील नोंदणी केंद्रे प्रशासनाने बंद करायला लावली.

या निर्णयाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण दोन्ही बाजूंचे म्हणणे वरवर दिसते तितके सरळ नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, आरोग्य गेले नाही. त्यामुळे आपल्या हद्दीत दुसऱ्या राज्याने योजना राबवू नये, या कर्नाटकाच्या म्हणण्याला आधार आहे. पण विमा योजनेत सरकार रुग्णालय चालवत नाही, ते बिल भरते, आणि कर्नाटकाच्या स्वतःच्या योजनेतही हद्दीपलीकडील रुग्णालयांना मान्यता मिळालेली होती. फरक एवढाच की तेथे पैसे भरणारे राज्य आपल्याच रहिवाशासाठी भरत होते. महाराष्ट्राने पैसे भरायचे ठरवले ते दुसऱ्या राज्याच्या रहिवाशासाठी, आणि तेही दावा प्रलंबित असलेल्या गावांची यादी हाती धरून. नोंदणीसाठी मराठीभाषक असल्याचे घोषणापत्र मागितल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आक्षेपाला धार आली. उपचाराचा अर्ज आणि दाव्याचा पुरावा यांतली रेषा त्या कागदाने पुसट केली. ती चूक महाराष्ट्राची होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तथापि केंद्रे बंद करताना, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला त्याच रकमेचा पर्याय कोठे मिळेल, याचे उत्तर कर्नाटकाने तेवढ्याच तत्परतेने दिले नाही, हेही नोंदवले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेथेही पाच लाखांचे संरक्षण आहे, पण त्या रेषेच्या किंचित वर असलेल्यांसाठी सवलत तीस टक्क्यांची आणि दीड लाखाच्या मर्यादेची आहे. महाराष्ट्राच्या केंद्रांवर जाण्याचे कारण बऱ्याच कुटुंबांपुरते या फरकात होते. अस्मितेचे राजकारण त्याच्यावर नंतर चढले.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्याला या वादाचा फारसा स्पर्श झालेला नाही. आमगाव, गवाळी, पास्तोली ही मराठी बोलणारी गावे २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात आहेत, आणि तेथे रस्ता किंवा पूल करायचा तर वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात नाले भरले की रोग्याला झोळीत घालून माणसांनी खांद्यावर बाहेर आणावे लागते, आणि शिक्षकाचेही येणे अडते. योजना कोणत्याही राज्याची असली, तरी रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यानंतरच ती सुरू होते. या गावांचा खर्च आणि धोका त्याआधीच्या वाटेवर आहे, आणि तो दोन्हींपैकी एकाही योजनेत धरलेला नाही.