एफआरपी म्हणजे सरकारी अनुदान नव्हे

‘ऊसवाल्यांना सरकार एफआरपी वाटतं’ हे कोल्हापुरात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चूक आहे. एफआरपी हा उसाचा किमान दर. तो केंद्र सरकार ठरवतं, पैसे मात्र कारखाना देतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्चही कापला जातो. म्हणजे हे शेतकऱ्याच्या घामाचे, विकलेल्या मालाचे पैसे आहेत. त्याला फुकटखाऊ म्हणणं अन्याय आहे.

सरकारी तिजोरीतून थेट येतात ते पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. पात्र कुटुंबाकडे दहा गुंठे असोत वा दहा एकर, रक्कम तेवढीच.