मालवणी थाळीनंतरची सिगार

उपाशीपोटी सिगार पेटवायची नाही, हा शौकिनांचा जुना नियम. फोर्ट-कुलाब्याच्या बड्या हॉटेलातली मंडळी असोत, नाहीतर लग्नाच्या जेवणावळीनंतर कुणी पुढे केलेली सिगार कौतुकाने हातात घेणारा मावसभाऊ असो, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. कारण विचारा, उत्तर एकच: "लागते." पोटात ढवळतं, कपाळाला घाम फुटतो, खुर्चीवरून उठवत नाही. पुढच्या गप्पा मग कुठल्या पदार्थावर सिगारची चव खुलते याकडे वळतात. पण जेवणाने चवीपेक्षाही आधी बदलते ती मात्रा. तीच सिगार रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी शरीराला सारखी पडत नाही.

एका मोठ्या सिगारमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटिन असू शकतं. सिगारेटमध्ये ते साधारण १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हे सगळंच काही रक्तात उतरत नाही. शिवाय सिगारचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडून देतात. तरीही ती लागते, कारण तिचा धूर अल्कधर्मी असतो. सिगारची पानं हवेवर सुकवतात आणि मग ढीग रचून आंबवतात. या खटाटोपात पानातली साखर जवळजवळ संपते आणि अमोनिया सुटतो. सिगारेटचं पान बहुतांशी गरम हवेच्या भट्टीत सुकवलेलं असतं. त्यात साखर टिकते, म्हणून त्याचा धूर आम्लधर्मी.

निकोटिन स्वतः सौम्य अल्क आहे. आम्लात त्याच्या रेणूवर विद्युतभार चढतो आणि तो गालाच्या अस्तरातून पार होत नाही. अल्कात भार उतरतो आणि रेणू सहज आत शिरतो. आकड्यांत सांगायचं तर पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ६ असताना शंभरातला जेमतेम एक रेणू असा मोकळा असतो, ७ असताना सुमारे नऊ आणि ८ ला पन्नास. हे गणित न मांडताही आपल्याकडे शेकडो हात ते रोज वापरतात. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावतात तो याचसाठी. चुना जास्त झाला की तंबाखू जास्त लागते, हे कुठलाही पानवाला सांगेल.

आता दादर-गिरगावातली मालवणी थाळी समोर आणा. सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, भाकरी आणि शेवटी वाटीभर सोलकढी. कोकमातलं आम्ल चुन्याच्या नेमकं उलट काम करतं. तोंडाचा पीएच खाली आला की निकोटिन अडतं. लिंबूपाणी, कोल्ड्रिंक, कॉफी यांचाही परिणाम असाच. निकोटिनचं च्युइंगगम चघळण्यापूर्वी १५ मिनिटं असं काही पिऊ नका, ही सूचना म्हणूनच दिलेली असते. अर्थात लाळेत बायकार्बोनेट असतं, ते आम्ल लवकर निस्तरतं. त्यामुळे सोलकढीचा पहारा पहिल्या काही झुरक्यांपुरताच. घटकाभर चालणाऱ्या सिगारपुढे तिचा पाड लागत नाही.

खरं काम यकृत करतं. जेवल्यावर आतड्यांकडे जाणारं रक्त वाढतं आणि तेच पुढे यकृतात येतं. यकृत आपल्याकडे आलेल्या रक्तातलं निकोटिन इतक्या झपाट्याने काढून घेतं, की त्याचा निचरा किती होणार हे मुख्यतः रक्त किती आलं यावर ठरतं. शिरेतून संथ, एकसारख्या गतीने निकोटिन देऊन हे मोजलेलं आहे. जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि निकोटिनचा निचरा सुमारे ४० टक्क्यांनी. रक्तातली पातळी सर्वांत खाली असते ती जेवण संपल्यावर अर्ध्या ते एक तासाने. जेवून, हात धुऊन, जरा गप्पा छाटून मग सिगार काढायची शौकिनांची वेळ नेमकी हीच! कुणी प्रयोग करून ती ठरवली नव्हती, पण ज्यांनी चुकवली त्यांना मळमळीने धडा दिला असणार.

लाळेबरोबर थोडं निकोटिन गिळलंही जातं. जठरातल्या आम्लात ते फारसं शोषलं जात नाही, शोषलं जातं ते पुढे आतड्यात. पोट भरलेलं असेल तर तिथवरचा प्रवास रेंगाळतो. रिकामं असेल तर माल लगेच पोहोचतो. मेंदूच्या बुडाशी उलटीचा इशारा देणारा एक छोटा भाग आहे, तो रक्तातल्या विषांची चाहूल घेत असतो. निकोटिनची पातळी एकदम चढली की तो लगेच जागा होतो.

अशा वेळी साखर चघळायला देतात. घाम, थरथर, फिकट चेहरा ही लक्षणं साखर उतरल्यासारखी दिसतात खरी, पण मूळ कारण रक्तातलं निकोटिन आहे आणि जिलेबीने ते कमी होत नाही. सिगार खाली ठेवायची, मोकळ्या हवेत बसायचं आणि यकृताला वेळ द्यायचा. रक्तातलं निकोटिन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात.

आता चव. ज्याला आपण सिगारची चव म्हणतो ती बरीचशी घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची असते. म्हणून वडापावातली लसणीची चटणी इथे घात करते. लसणातलं एक गंधकयुक्त द्रव्य पोटातून रक्तात जातं आणि फुफ्फुसांवाटे तासन्‌तास श्वासात येत राहतं. चूळ भरून ते जात नाही. ज्या महागड्या सिगारमध्ये लोक देवदार आणि कोको शोधतात, तिच्या प्रत्येक झुरक्यात मग लसूणही हजर.

झणझणीत मिसळीचं तंत्र निराळं. मिरचीतलं कॅप्सायसिन आधी तोंड पेटवतं आणि मग त्याच चेताटोकांना काही काळ सुन्न करतं. निकोटिनचा तोंडात लागणारा चरका त्यामुळे बोथट होतो. धूर मऊ वाटतो आणि माणूस नकळत जोरात ओढतो. पुदिन्याच्या थंडगार पानाचं तेच, मेंथॉलही हा चरका दडवतं. कडक कटिंगमधली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात आणि तोंड कोरडं करतात. गोडाने मात्र कडवटपणा दबतो. बासुंदीनंतरची सिगार "स्मूद" वाटली तर श्रेय सिगारला देऊ नये.

सिगार पचनाला बरी, हे कौतुकही ऐकू येतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेसारखा स्नायू निकोटिनने सैलावतो, तेलकट जेवणाने आणखी. म्हणजे भरपेट थाळी अधिक सिगार, याचा हिशेब रात्री छातीतल्या जळजळीने होतो. आणि जी आंबवण्याची प्रक्रिया पानाला चव देते, तिच्यातच नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक संयुगंही तयार होतात. धूर छातीत नेला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. पोट भरलेलं असण्याने यात तिळमात्र फरक पडत नाही.

एकाच टेबलावर तीच थाळी जेवून, तशीच सिगार ओढून एक जण मजेत गप्पा मारतो आणि दुसरा पांढराफटक पडतो, असंही होतं. सवयीचा भाग त्यात मोठा. रोज तंबाखू घेणाऱ्याच्या चेताग्राहींना, म्हणजे चेतापेशींवर निकोटिन जिथे जाऊन बसतं त्या जागांना, त्याचं नवल उरलेलं नसतं. उरलेला फरक पुष्कळदा यकृतातल्या सीवायपी२ए६ नावाच्या विकराचा (एन्झाइमचा). निकोटिन मोडण्याचं बहुतेक काम तोच करतो आणि आनुवंशिक भेदांमुळे काहींच्यात तो मंद असतो. अशा माणसाला थाळीनंतरही ती लागू शकते.