भावी कॉम्प्युटर शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये एआय टूल्स

शाळेत कॉम्प्युटर सायन्स शिकवायला निघालेल्या छात्राध्यापकांना बी.एड. किंवा तशाच कोर्समध्ये चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट असली टूल्स वापरायला शिकवणं, आणि ती कुठं गंडवतात हेही दाखवणं, म्हणजे हा प्रकार. कोड लिहून देणारं गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आलं, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी, आणि सुरुवातीच्या प्रोग्रामिंगचा होमवर्क मशीनच करून द्यायला लागलं तसा विषय ऐरणीवर आला. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडाच काढला, त्यात १५ क्षमता आहेत.

सगळ्यात जास्त वापर अर्थातच पाठ टाचण काढायला. मिनिटभरात उद्दिष्टं, प्रस्तावना, फलकलेखन, सगळं तयार, पण टाचण काढताना डोक्यात जो पाठ घडायचा तो काही घडत नाही.

खरा उपयोग आहे तो सराव पाठाच्या आधी. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे वर्गमित्रांसमोरच्या छोट्या सराव पाठात, सहाध्यायीच विद्यार्थी बनून बसतात आणि त्यांना उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे सगळं गोडीगुलाबीत पार पडतं. त्याऐवजी एआयला सांगायचं की तू आठवीतला मुलगा आहेस, तुला वाटतं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'ए = बी' लिहिलं की दोन्ही व्हेरिएबल (किंमत साठवणारी नावं) कायमची जोडली गेली. मग बी ५ वरून ९ केला तर ए किती? तो म्हणणार ९. आता उत्तर न सांगता, एकेक ओळ कागदावर ट्रेस करायला (कुठल्या ओळीनंतर कोणाची किंमत किती ते लिहायला) लावून त्याला ५ वर आणायचं, ही खरी परीक्षा. गंमत अशी की हा एआयचा पोरगा फारच गुणी, एका इशाऱ्यात 'हो सर, समजलं' म्हणून मोकळा होतो (खरी पोरं तीच चूक उद्या परत करतात), म्हणून 'लगेच पटवून घेऊ नकोस' असं प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेत, बजावून लिहावं लागतं.

हार्वर्डच्या सीएस५० कोर्सने २०२३ मध्ये जो एआय बदक (बदकाच्या रूपातला चॅटबॉट) आणला तो विद्यार्थ्याला तयार कोड न देता हिंट देतो, छात्राध्यापकांना दाखवायला हे चांगलं उदाहरण.

एआयकडून लिहून घेतलेलं पकडणाऱ्या डिटेक्टरवर मात्र भिस्त ठेवू नये, ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला. त्यापेक्षा मुलाला समोर बसवून 'ही ओळ काढली तर काय होईल' विचारलेलं बरं. आणि इंटर्नशिपच्या शाळेतल्या मुलांची नावं, मार्क वगैरे या टूल्समध्ये टाकायचे नाहीत, भारताच्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.