राईनपाड्याच्या आधी

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडी बाजार. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे एसटीतून उतरले. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तेवढ्यावरून ‘मुलं पळवणारी टोळी’ अशी हाकाटी उठली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव गेला.

त्या दिवसांत त्या भागातल्या फोनवर फिरत असलेल्या चित्रफिती कुठल्या होत्या, हे नंतर उघड झालं. दुचाकीवरून दोघे जण येतात आणि गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात, अशी एक फीत देशभर फिरत होती. ती कराचीतली. रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी ती मुद्दाम अभिनय करून बनवून घेतली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला. उरला तो धडधडीत अपहरणाचा ‘पुरावा’. दुसरीकडे, ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची छायाचित्रं ‘अवयव काढून टाकून दिलेली मुलं’ म्हणून पाठवली जात होती. ती होती सीरियातली, ऑगस्ट २०१३ मध्ये घौटा इथे विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेल्या मुलांची. परक्या देशातल्या मेलेल्या लेकरांचे फोटो दाखवून इथे माणसं मारली गेली, हे आजही लिहिताना हात थबकतो.

राईनपाडा ही या साखळीतली पहिली कडी नव्हती. मे २०१७ मध्ये झारखंडमध्ये दोन ठिकाणी मिळून सात जण मारले गेले. २०१८ च्या मे-जूनमध्ये तामिळनाडू, कर्नाटक, आसाम असं लोण पसरत गेलं. मजकूर तोच, फक्त जिल्ह्याचं नाव आणि भाषा बदलायची. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी त्रिपुरात ज्याचा बळी गेला, तो तर सरकारनेच गावोगाव ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे सांगायला नेमलेला माणूस होता. आणि १ जुलैच्याच रात्री मालेगावात जमावाच्या तावडीतून पाच जणांना पोलिसांनी सोडवलं. त्यांत एक लहान मूल होतं, आणि संशय त्या मुलावरूनच घेतला गेला होता.

हे २०१७-१८ मध्येच एवढं का भडकलं? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेटचे दर कोसळले. स्वस्त स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचले. व्हॉट्सअॅपवर मजकूर पुढे ढकलायला एक बोट पुरे आणि पुढे ढकललेल्या मजकुरावर तो मूळ कुणाचा याची खूणही नसे. एप्रिल २०१६ पासून निरोपांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लागलं, त्यामुळे मधल्या कुणाला ते वाचताही येईना. खासगीपणासाठी हे कुलूप आवश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सगळ्यात मोठं कारण निराळंच होतं. निरोप येई तो भाऊबंदांच्या, गावकीच्या, शाळेतल्या सोबत्यांच्या ग्रुपवर. अनोळखी पत्रकावर न बसणारा विश्वास मामाने पाठवलेल्या फितीवर लगेच बसतो.

अर्थात फोनवरून भीती पसरल्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार, असे एसएमएस आणि फोटो फिरले. बंगळूर आणि पुण्यातून हजारो विद्यार्थी आणि कामगार गुवाहाटीच्या गाड्या पकडून निघून गेले. केंद्राने तेव्हा एकगठ्ठा एसएमएसवर मर्यादा घातली ती पाचाची.

पण मला या गोष्टीची मुळं आणखी मागे दिसतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असताना गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगच्या त्या काळात लोकांत बोललं जाई की, दवाखान्यात नेलेल्या माणसांना उलटं टांगून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ हे औषधी तेल काढतात. त्या वेळच्या माणसांना भाबडं म्हणणं सोपं आहे. घरात शिरून रोग्याला ओढून नेणाऱ्या सरकारचा धाक खरा होता, आणि त्या धाकाला मोमियाईचं रूप मिळालं. मोमियाईच्या जागी किडनी ठेवा, २०१८ चा निरोप तयार होतो.

मग त्या निरोपातला खलनायक नेमका फिरस्ताच का? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, कुंपणात कोंडलं. सोलापुरात अशा वसाहतीच्या जागेला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात भटक्यांचं पाल पडलं की पोलीस पाटलाला कळवायची सवय गेली नाही. डवरी गोसावी सरकारदरबारी भटक्या जमातींत मोडतात. पूर्वी त्यांचा डौर, म्हणजे डमरूसारखं वाद्य, वाजला की घरातली बाई सूपभर धान्य घेऊन बाहेर येई. आता गावांचं आणि त्यांचं ते नातं विरळ झालंय. ज्यांना कुणी नावाने ओळखत नाही, त्यांच्याबद्दल फोन सांगेल ते खरं ठरतं.

राईनपाड्यानंतर हालचाली झाल्या. केंद्राने व्हॉट्सअॅपला पत्र लिहिलं. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवता येईल, असं ठरवलं. पुन्हा पाच. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असा नियम आला.

त्याच महिन्यात, १६ तारखेला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारलं. टाळेबंदीत चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा तिथे होती. या वेळी हत्येनंतर दुसरी अफवा सुरू झाली, ती हत्येला हिंदू-मुस्लिम रंग देणारी. अखेर राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून, त्यांत एकही मुस्लिम नाही, हे सांगावं लागलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती. जत आणि मंगळवेढा हे शेजारचे तालुके. हे चौघे वाचले.