दोर, पट्टा आणि हाड : पडल्यावर काय मोडतं आणि का

आंब्याची तोडणी सुरू झाली की झाडावर चढताना बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांच्या आमच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला : "हा पट्टा किती किलो पेलतो?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. शांतपणे लटकलेल्या माणसाच्या वजनाने चांगला पट्टा सहसा तुटत नाही. पडणाऱ्या माणसाला अडवताना त्याची खरी परीक्षा होते. म्हणून विचारायचं ते असं : हा पट्टा किती ऊर्जा जिरवतो?

साठ किलोचा माणूस माडावरून १० मीटर खाली आला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो आणि ऊर्जा जवळजवळ ५,९०० ज्यूल. कलमाच्या अडीच मीटरवरच्या फांदीवरून पडला तर वेग ताशी २५ किलोमीटर, ऊर्जा १,४७० ज्यूल. म्हणजे वेग निम्मा झाला की ऊर्जा पावपट होते. ही ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावीच लागते : माती दबण्यात, पातेरा चेपण्यात, नाहीतर हाडात. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, कलमं बुटकी म्हणून लोक निर्धास्त चढतात, पण खालचा कातळ तसूभरही दबत नाही.

आता हिशेब पाहा. हाच माणूस दोर सैल असताना दोन मीटर पडला आणि दोराने त्याला १० सेंटिमीटरात थांबवलं, तर अंगावर सरासरी साडेबाराशे किलोच्या ओझ्याएवढा ताण येतो. तेच थांबणं अर्ध्या मीटरवर पसरलं तर ताण ३०० किलोवर येतो. उंची तीच, माणूस तोच. म्हणून अशा कामाला पोलादी तारेपेक्षा ताणला जाणारा नायलॉनचा दोर बरा. बंदरावरून आणलेला जुना दोर मात्र कृपा करून वापरू नका. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने त्याचे तंतू आतून मेलेले असतात, वरून तो धडधाकट दिसला तरी.

पूर्ण अंगाच्या हार्नेसला, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना धरणाऱ्या पट्ट्याला, शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडलेला असतो. तो म्हणजे दुमडून शिवलेली एक पट्टी. झटका बसला की तिचे टाके एकामागून एक उसवत जातात आणि ऊर्जा त्या उसवण्यात संपते. ते टाके तुटण्यासाठीच घातलेले असतात. उसवलेली पट्टी शिंप्याकडून पक्क्या दोऱ्याने शिवून आणणारे गिऱ्हाईक भेटतात. शिवण सुरेख असते, पण पट्टी निकामी झालेली असते. आणि ती उलगडायला खाली मोकळी जागा लागते. दोर पायांच्या पातळीवर अडकवला तर पट्टी उलगडण्याआधीच माणूस जमिनीवर असेल. दोर नेहमी डोक्याच्या वर अडकवा. नुसता कमरेचा पट्टा खोडाला धरून राहण्यापुरता ठीक, पडणं अडवायला नाही.

हाडाचं गणितही हेच. हाडात कॅल्शियम-फॉस्फेटचा कडक भाग असतो आणि कोलॅजेनचे चिवट धागे असतात. कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरात काही दिवस बुडवून ठेवा : कडक भाग विरघळतो आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड चुलीत पांढरं होईपर्यंत जाळा : आकार जसाच्या तसा राहतो, पण चिमटीत धरलं की भुगा. दोन्ही एकत्र असतात तोवरच हाड ताठही राहतं आणि भेगही अडवतं. पोरांच्या हाडांत चिवटपणा जास्त, म्हणून ती कधीकधी ओल्या काठीसारखी एका बाजूने चिरतात, पण तुटून वेगळी होत नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर "किती उंचीवरून पडला?" असं आधी विचारतात ते उगाच नाही. थोड्या ऊर्जेने हाडाला एखादी सरळ चीर जाते. प्रचंड ऊर्जा आली की ती एका चिरेत मावत नाही, हाडाचे तुकडे तुकडे होतात आणि भोवतालचे स्नायू, कातडीही फाटते. हायवेवरचा दुचाकीचा अपघात आणि माडावरून पडणं या बाबतीत सारखेच. उलट म्हातारी माणसं शेवाळलेल्या खळ्यात नुसती घसरली तरी खुब्यात मोडतात. उभ्याने पडण्यातही खुबा मोडायला लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. एरवी बरीचशी स्नायू, मांस आणि टेकलेला हात खाऊन टाकतात. वयाने स्नायू झडले, हाड ठिसूळ झालं, की तो आसरा जातो. पावसाळ्यात मागीलदारी ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ घासून काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यात आमची काही विक्री नाही.

एक गोष्ट धातूच्या हुकांबद्दल. १९२१ मध्ये ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की भेग वाढताना ताणलेल्या वस्तूतली साठलेली ऊर्जा सुटते आणि भेगेचे नवे पृष्ठभाग तयार करण्यात ती खर्च होते. भेग लहान असेतो खर्च जास्त, म्हणून ती जागीच राहते. एका ठरावीक लांबीपुढे सुटणारी ऊर्जा खर्चाला पुरून उरते आणि भेग आपोआप धावत सुटते. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलँडच्या धक्क्याला शांत उभं असलेलं 'शेनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज असंच जवळजवळ दुभंगलं. चिवट पोलादात भेगेची ही ठरावीक लांबी मोठी असते, म्हणून बारीकशा ओरखड्याने हुक लगेच तुटत नाही. पण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंजाचे खळगे खोल जातात आणि प्रत्येक खळगा भेगेची सुरुवात ठरू शकतो. गंजलेला हुक घासून, रंग मारून परत वापरू नका. रंगाखालचा खळगा दिसत नाही, एवढाच त्याचा परिणाम.

खरेदी करताना सुरक्षा पट्ट्यांसाठीचं आयएस ३५२१ हे मानक आणि आयएसआय शिक्का पाहा, मग ती आमच्याकडून करा नाहीतर दुसरीकडून. एकदा झटका झेललेला पट्टा आणि जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट बाद समजा, वरून काही दिसत नसलं तरी. शक्य तिथे चढूच नका : दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी, वापरला तर बरेचसे आंबे खाली उभं राहूनच निघतात. माडावर चढणाऱ्या गड्यांसाठी नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' विमा योजना आहे, तिची चौकशी जरूर करा.

कोणी पडलाच तर त्याला काखेत हात घालून उभा करू नका. मान आणि पाठ न हलवता आहे तसा पडून राहू द्या आणि १०८ ला फोन करा.

जुना पट्टा, दोर, हुक दुकानात आणून दाखवा. तपासायचे पैसे घेत नाही. बाद निघाला तर तिथेच कापून देतो, म्हणजे चुकून दुसऱ्या कोणाच्या कमरेला जायचा नाही.