भाड्याच्या घरातील गरम पाणी (नाशिक)

नाशिक शहरात भाड्याने दिलेल्या घरांत आंघोळीचे पाणी तापवण्याची सोय, तिचा खर्च आणि घरमालक-भाडेकरूंमधील त्याची वाटणी. थंडीत येथे पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. तरी खोल्या उबदार ठेवणारी यंत्रणा इमारतींत नसते. खर्च होतो तो पाण्यावरच.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत बंब ज्याचा त्याचा आणि जळणही ज्याचे त्याचे. वाद उभा राहतो तो एका मीटरवर अनेक खोल्या असल्या की : सिडको-सातपूरकडच्या कामगारांच्या खोल्या, कॉलेज रोडच्या कॉट बेसिसच्या, म्हणजे एका खोलीत खाटेगणिक भाडे असलेल्या जागा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. गिझर रोज सहा वेळा तापला तर महिन्याला त्याचेच सव्वाशे युनिट होतात. घरगुती वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत असल्याने सगळ्यांचा वापर मिळून महागड्या टप्प्यात जातो. बिल डोकी मोजून वाटले, की थंड पाण्याने आंघोळ करणाराही तेवढेच भरतो. सबमीटर, म्हणजे मालकाने खोलीपुरता लावलेला खासगी मीटर, युनिट दाखवतो, पण एकत्र वापरामुळे चढलेला दर कोणी सोसायचा हे सांगत नाही. प्रत्येक खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर, हीच खरी न्याय्य व्यवस्था.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. गरम पाण्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही. कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जागेची दुरुस्ती मालकाकडे असते. नोटीस देऊनही १५ दिवसांत ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हल्लीचे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारे असतात. त्यांत गिझर कोणाचा, कॉईल जळाली तर कोण बदलणार, हे स्पष्ट लिहिलेले हवे. बोअरच्या जड पाण्याने कॉईलवर क्षारांचा थर बसतो आणि ती लवकर जाते. त्याचा खर्च अनामत रकमेतून कापणे अन्यायाचे आहे.

गच्चीवरील सौर बंबामुळे विजेचा खर्च बराच वाचतो, पण सकाळी आधी उठणाऱ्यांनी टाकी संपवली की उरलेल्यांना गिझर लावावाच लागतो.

गॅस गिझरबाबत तडजोड नको. बंद न्हाणीघरात त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे आणि विजेच्या गिझरला अर्थिंग असल्याची खात्री करणे, ही कामे किल्ली देण्याआधी मालकानेच केली पाहिजेत.