मूत्रपिंडाच्या दारात कोरियन काढा

दक्षिण कोरियात आधुनिक डॉक्टरांप्रमाणेच पारंपरिक वैद्यांनाही सरकारी परवाना असतो. त्यांना 'हानुईसा' म्हणतात. त्यांनी दिलेला काढा हल्ली सीलबंद पाउचमध्ये घरी येतो आणि कोमट करून प्यायचा असतो.

मूत्रपिंडासाठी त्यांच्याकडे नावाजलेला काढा म्हणजे 'युकमी-जिह्वांग-तांग'. चीनमधून आलेल्या या योगात सहा घटक असतात: रेहमानियाचं मूळ, सान्सुयूची लाल फळं, कोनफळाच्या कुळातला एक कंद, पाइनच्या मुळांवर वाढणारी पोरिया बुरशी, पिओनीच्या मुळाची साल आणि एलिस्मा या पाणवनस्पतीचा कंद. रेहमानियाचं मूळ मद्यात भिजवून वाफवायचं आणि वाळवायचं, असं परंपरेनुसार नऊ वेळा करतात. मग ते काळंकुट्ट, चिकट आणि गोडसर होतं.

कोरियाचे राजवैद्य हो जुन यांचा 'दोंगुई बोगाम' हा या वैद्यकाचा ग्रंथ १६१० साली पूर्ण झाला. या परंपरेत मूत्रपिंडाकडे वाढ, हाडं, श्रवण, प्रजनन अशी कितीतरी खाती आहेत. त्यामुळे हानुईसानं 'मूत्रपिंड अशक्त आहे' म्हटलं, तरी त्या माणसाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी, अगदी नॉर्मल असू शकते. अशा अशक्तपणावरचा काढा खरोखर निकामी होत चाललेल्या किडनीलाही चालेल, असं गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. 'ह्वांगी' या मुळामुळे लघवीतून जाणारी प्रथिनं कमी झाल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलं आहे, पण त्या चाचण्यांचा दर्जा कमकुवत आहे. डायलिसिस टळतं असं म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली तर? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी अॅरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीचं मूळ गेलं. शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्यांना इजा झाली. अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली.

हे घडतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर काही वाहक प्रथिनं असतात. रक्तातली नको असलेली आम्लं ओढून लघवीत टाकणं हे त्यांचं काम. अॅरिस्टोलोकियातलं विषारी अॅरिस्टोलोकिक आम्लही तीच प्रथिनं आत ओढून घेतात. पेशीत त्याचं रूप बदलतं आणि ते डीएनएला घट्ट चिकटतं. पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढतात, किडनी आक्रसत जाते. डीएनएची नक्कल होताना त्याच्या चार रासायनिक अक्षरांपैकी 'ए'च्या जागी 'टी' बसतं, आणि काही वर्षांनी मूत्रमार्गाचा कर्करोगही होऊ शकतो. ही खूण गाठीच्या डीएनएत वाचता येते, त्यामुळे औषध थांबवून बराच काळ लोटला तरी कारण सापडतं.

कोरियानं पुढे अॅरिस्टोलोकियाच्या औषधांवर बंदी घातली. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजेच सापसंद, ही त्याच प्रजातीगटातली वेल आहे आणि तिच्यातही हेच आम्ल असतं. सापाच्या विषावर म्हणून तिचं मूळ आजही उगाळून दिलं जातं.